काचेपलीकडच्या कुंड्या

ता. १९ फेब्रुवारी

ताई,

नमस्कार. वर 'तीर्थरूप' लिहिणार होते, पण तू म्हणाली असतीस, एवढी म्हातारी केलीस का मला, म्हणून नुसतंच ताई. मी बरी आहे. भावजींचा खोकला कसा आहे ते आधी कळव. वाफ घेतात की नुसतं तुझ्यासमोर डोक्यावर टॉवेल घेऊन बसतात?

फोन न करता पत्र का, तर फोनवर तू एकटीच बोलतेस. माझं 'हो का' संपेपर्यंत तुझं दूध उतू जातं आणि फोन बंद होतो. शिवाय आमच्या किड्यांच्या खोलीत फोन नेता येत नाही, आणि बाहेर आले की मला कुणाशी बोलवत नाही. हे दुसरं कारण तू वाचलं नाहीस असं समज.

परवा तू न सांगता आलीस आणि मी भेटले नाही, याची रुखरुख लागून राहिली आहे. बाहेर आले तेव्हा स्वागतकक्षातली मुलगी म्हणाली, "तुमच्या ताई किती मोकळ्या आहेत हो! माझा डबा चाखला, मीठ कमी आहे म्हणाल्या, आणि गेल्या." तू गेल्याला तेव्हा बराच वेळ झाला होता.

तुला वाटलं असेल, काचेच्या पलीकडे तर उभी होती, दार उघडून यायला काय झालं होतं? तसं येता येत नाही गं. आमच्या खोलीला दार एकच, आणि त्यापुढे एक काळोखी खोली. तिथे एका कोपऱ्यात दिवा आणि मागे पांढरी भिंत. अंगावर, केसात एखादा किडा राहिला असेल तर तो उजेडाकडे जातो आणि पांढऱ्यावर दिसतो. भिंत स्वच्छ आहे अशी खात्री पटेपर्यंत नुसतं उभं राहायचं. मग कपडे उतरवायचे, अंघोळ करायची, दुसरे कपडे घालायचे. परवानगी मिळेपर्यंत एकही किडा बाहेर जाऊ द्यायचा नाही, म्हणून एवढी कवायत. परवा मी त्या खोलीत नेहमीपेक्षा जास्त वेळ उभी राहिले. भिंतीवर काहीच नव्हतं. तरी उभी होते.

तू काचेला नाक लावून आत बघत होतीस. तोंडाने काहीतरी म्हणत होतीस, ऐकू येत नव्हतं, पण मला वाटतं 'माझ्या कुंड्या, माझ्या कुंड्या' असं चाललं होतं. ओळखल्यास तू. तुझ्या रोपवाटिकेतल्या बॉटलब्रशच्या कुंड्या आमच्याकडच्या सगळ्यात देखण्या आहेत. तू दोन्ही हात हलवलेस, मीही हलवले. चेहऱ्यावर जाळी होती म्हणून बरं.

नव्या कुंड्या आणल्यास त्याबद्दल आभार. पण सध्या आणू नकोस. लागल्या तर सांगेन.

एक विचारायचं होतं. त्या नव्या रस्त्याच्या दोन्ही कडांना झाडं लावायचं काम तुला मिळालं, असं मागे म्हणाली होतीस. ते पक्कं झालं का? आणि बॉटलब्रशच लावायचं असं त्यांनीच सांगितलंय की तुझ्यावर सोडलंय? कण्हेर कशी वाटते? कण्हेरीला फुलं बारा महिने असतात. सहज सुचलं म्हणून लिहिलं.

काल सुट्टी होती तर मी घरातले सगळे खण रिकामे केले आणि पुन्हा भरले. जुन्या चाव्या सापडल्या, कुठल्या कुलुपांच्या ते माहीत नाही. टाकवत नाहीत.

भावजींना नमस्कार सांग. पत्राचं उत्तर पत्रानेच दे.

तुझी,
बारकी

•

ता. ८ मार्च

ताई,

तुझं पत्र जेवता जेवता वाचलं आणि ठसका लागला. "कण्हेर? गुरं खातील, पोरं चघळतील, आणि तुरुंगात मला डबा तू आणून देणार का?" बरोबर आहे. कण्हेरीचं मागे घेते.

पण तू पुढे लिहिलं आहेस की मागचा अख्खा तुकडा तू बॉटलब्रशच्या रोपांनी भरलास, जास्वंदीची रोपं काढून टाकलीस, आणि आता दोन वर्षं डोळे झाकून हेच करायचं. ते वाचून मी ताट तसंच ठेवून गॅलरीत जाऊन उभी राहिले. खाली एक माणूस गाडी धूत होता. त्याची गाडी पुसून कोरडी होईपर्यंत बघत होते.

धुराचंही लिहिलं आहेस. यंदा आग इतक्या लवकर? तळ्याच्या पलीकडची सगळी बाजू कागदी झाडांनी भरली आहे हे मागच्या खेपेला पाहिलं होतं, पण तू म्हणतेस की आता घाटाच्या पायऱ्यांशी येऊन पोचली आहेत. आपण लहानपणी त्या झाडांची साल सोलून त्यावर पत्रं लिहायचो, तेव्हा ती चार-पाचच होती. दलदल आटवायला म्हणून कुणीतरी मोठ्या कौतुकाने लावली होती. आटवली खरी. त्या झाडात तेल असतं, म्हणून ते पेटलं की नुसतं जळत नाही, भडकतं. आणि जळालं, तोडलं, काही जरी इजा झाली, की साठवलेलं सगळं बी एकदम सोडून देतं. म्हणून तर करवतवाल्यांनी तोडलं तिथे दुसऱ्या वर्षी गवतासारखी रोपं उगवली.

तू विचारतेस, "तुझे किडे कधी सोडणार? की त्यांना आधी लिहायला-वाचायला शिकवताय?" भावजींनी खाली वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलंय, 'लवकर सोडा'. त्यांचं अक्षर असं कधी झालं?

जवळजवळ तेच करतोय आम्ही, शिकवत नाही, परीक्षा घेतोय. हे सोंडकिडे कागदीच्या मूळ देशातून आणलेत. अळी दिसायला घाण आहे, अंगावर चिकट तेलाचा थर, कापराचा असतो तसा वास. मुंग्यासुद्धा तोंड लावत नाहीत. ती फक्त कोवळे शेंडे खाते. झाड मरत नाही. पण शेंडा गेला की फूल नाही, फूल नाही की बी नाही. वाढ तिथेच थांबते. नंतर करवतवाले येऊन तोडू शकतात, कारण सोडायला झाडाकडे बी उरलेलं नसतं.

प्रश्न एवढाच असतो की तो किडा आणखी काही खातो का. त्यासाठी कागदीची जेवढी भावकी आहे तेवढी सगळी गोळा करायची, एकेक झाड पिंजऱ्यात ठेवायचं आणि किड्याला दुसरं काहीच द्यायचं नाही. खा नाहीतर मर. मेला तर आम्ही खूश. जगला तर सगळं काम पाण्यात. क्रूर वाटेल तुला. मला सवय झाली आहे.

तुझ्याकडून कुंड्या का मागवल्या ते तुला नीट सांगितलंच नव्हतं. बाजारातल्या रोपांवर औषध मारलेलं असतं. आम्ही आधी तीच आणली होती. किडे पटापट मेले आणि आम्हाला वाटलं, वा, हे झाड त्यांना चालत नाही. मग लक्षात आलं की झाडाने नाही, औषधाने मेले. पुन्हा सगळं पहिल्यापासून. तेव्हा मीच म्हणाले की माझी बहीण फवारणी करत नाही, हाताने किडे वेचते. सगळे हसले. पण आमच्या मोठ्या मॅडम म्हणाल्या, "मागवा."

बॉटलब्रश कागदीची चुलत बहीणच.

पुढचं पुढच्या पत्रात. मला आता जरा बाहेर जाऊन यायचं आहे. काम काही नाही. बसवत नाही.

भावजींना वाफ देत जा. तूही मुकाट्याने जेवत जा.

तुझी,
बारकी

ता. क. मागचा तुकडा भरलास तो भरलास. पुढचा तूर्त मोकळा ठेव. कारण विचारू नकोस.

•

ता. २१ मार्च

ताई,

तू लिहिलंस, "कारण विचारू नकोस म्हणजे काय? तू कुठल्या मंत्र्याची सून आहेस का?" आता कारण लिहिते. हे पत्र भावजी झोपले असताना वाच.

तू काचेपाशी आलीस तेव्हा मी एक गोष्ट केली. टेबलावर तुझी एक कुंडी होती, समोरच. तिच्या एका बाजूचे शेंडे खाल्लेले होते. बारीक बारीक कुरतडलेले, कडा तपकिरी झालेल्या. तू आत डोकावलीस आणि मी ती कुंडी फिरवली. चांगली बाजू तुझ्याकडे केली. तू हात हलवलेस ते ती चांगली बाजू बघून.

का फिरवली ते मलाही आधी समजलं नाही. हात पुढे झाला, एवढंच. नंतर त्या काळोख्या खोलीत उभी राहिले तेव्हा मी किडे शोधत नव्हते. तू निघून जायची वाट बघत होते.

आता सगळं नीट सांगते, घाबरून जाऊ नकोस. सोंडकिडा बॉटलब्रशवर संसार करत नाही. अंडी घालत नाही, अळीला नुसतं बॉटलब्रश दिलं तर ती मोठी होत नाही, मरते. म्हणजे परीक्षेत तो पास आहे. पण मोठा झालेला किडा, ज्याला कागदीची चव ठाऊक आहे आणि जो उपाशी आहे, तो तुझ्या झाडाचे शेंडे कुरतडतो. राहत नाही, जाता जाता तोंड मारतो. हे कधी होईल? किडे सोडल्यावर दोन-तीन वर्षांनी, जेव्हा ते लाखांनी होतील, कागदीचे कोवळे शेंडे संपवतील आणि दुसरीकडे उडतील. एक-दोन मोसम. मग त्यांची संख्या उतरेल आणि सगळं थंड होईल. जंगलाच्या हिशोबात ही गोष्ट काहीच नाही. आमच्या अहवालात यासाठी शब्द आहे: नगण्य.

पण शेंडा कुरतडलेलं रोप कोण विकत घेणार, ताई? आणि तुझं सगळं आता त्याच झाडावर. रस्त्याच्या कडेचं काम, मागचा तुकडा. तळं तुझ्या कुंपणाला लागून. पहिले उडतील ते तुझ्याकडेच येतील.

अहवाल बाहेर जाईपर्यंत कुणाला काही सांगायचं नाही असा आमच्याकडे नियम आहे, आणि तो चांगला आहे. अर्धवट ऐकून लोक गोंधळ घालतात. मी तो नियम या कागदावर मोडते आहे.

एवढंच असतं तर तुला गुपचूप सांगून मोकळी झाले असते. पण ज्या कुंड्यांवर हे दिसलं त्या माझ्या बहिणीच्या. असं चालत नाही. ज्याचं नुकसान होऊ शकतं त्याच्या नात्यातल्या माणसाने परीक्षा घ्यायची नाही, हे पहिल्या दिवशी शिकवतात. मीही नव्या लोकांना शिकवते. तुझ्याकडून मागवताना मला वाटलं, कुंड्याच तर आहेत. तेव्हा नुकसानाचा प्रश्नच नव्हता. पुढे झाला, आणि मी गप्प बसले, कारण निकाल खरा आहे हे मला माहीत होतं. कुणीही केला असता तरी तोच आला असता.

सोमवारी अहवालावर सही करायची होती. केली असती तर किडे या पावसाळ्याआधी सुटले असते. मी आठवडाभर सही केली, खोडली, केली, खोडली, मनातल्या मनात. घरात एका जागी पाच मिनिटं बसत नव्हते. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी विचारलं, "वर काय फर्निचर हलवताय का?"

शेवटी काल मॅडमच्या खोलीत गेले. म्हटलं, कुंड्या माझ्या सख्ख्या बहिणीच्या आहेत, ती रोपांचा धंदा करते, आणि अहवालात रोपवाटिकांबद्दल एक ओळ नाही.

मॅडम चष्मा काढून म्हणाल्या, "हे मला आज सांगतेस?"

"हो."

"माहीत होतं तुला, की सांगितलंस तर पुन्हा करावं लागेल?"

"हो."

"आणि पुन्हा करायला दुसरी न फवारलेली रोपं कुठून आणू? झाडावर लागतात का ती?"

मग आपणच काय बोललो ते लक्षात येऊन त्यांना हसू आलं, पण फार वेळ टिकलं नाही. म्हणाल्या, "तू या परीक्षेतून बाहेर. दुसरं कुणीतरी करेल. किडे पुढच्या वर्षी." नोकरी राहिली. काम मात्र आता पिंजरे धुण्याचं.

म्हणून तुला सांगते: पुढच्या तुकड्यात बॉटलब्रश लावू नकोस. एक वर्ष मिळालं आहे तुला. जास्वंद परत आण, दुसरं काही बघ. रस्तावाल्यांशी बोल. मी तुझी रोपं वाचवायला जे करता आलं ते केलं.

राग येईल तर येऊ दे. पण फोन कर. या वेळी मी पूर्ण ऐकेन.

तुझी,
बारकी

•

ता. ११ जानेवारी

ताई,

तू बोलत नाहीस तरी लिहिते. आजवर पाच पत्रं लिहून फाडली. हे पाठवणार आहे.

मार्चमधल्या त्या पत्रानंतर तू फोन केलास. तेव्हाचं सगळं मला पाठ आहे, कारण फार नव्हतं. "तुला मी रोपं वाचव म्हटलं होतं का? ह्यांना श्वास घेता येत नाही. मला एकदा विचारलं असतंस तर सगळी रोपं मीच उपटून दिली असती." आणि ठेवलास.

मी तासभर फोनकडे बघत बसले. मला वाटत होतं, मी तुझी बाजू घेतली. तुझी बाजू कुठली ते तुला विचारायचं राहूनच गेलं. भावजींनी वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलं होतं ते मी वाचलं होतं. अक्षर का बिघडलं हेसुद्धा पत्रात विचारलं होतं. उत्तराची वाट न बघता मी पुढे किड्यांबद्दल लिहीत गेले.

मॅडमला सांगितलं ते चुकलं असं मला आजही वाटत नाही. ते सांगायलाच हवं होतं, आणि फार आधी, पहिला शेंडा कुरतडलेला दिसला त्याच दिवशी. तेव्हा सांगितलं असतं तर वेळ गेला नसता. तू काचेपाशी आलीस तेव्हा दार उघडून तुला सांगितलं असतं तरी काही आठवडे वाचले असते. मी कुंडी फिरवली आणि त्या दिवसांची किंमत भावजींच्या छातीने मोजली. हे मी तुझ्याकडून ऐकायची वाट बघत होते. तू म्हणाली नाहीस, म्हणून मीच लिहिते.

एप्रिलमधली आग मी टीव्हीवर पाहिली. तुमच्या घाटाच्या पायऱ्या ओळखू आल्या. भावजींना दाखल केलेल्या दवाखान्यात पोचले तेव्हा तू बाकावर बसली होतीस आणि माझ्यासाठी सरकून जागा केलीस. मला वाटलं, झालं. पण तू जागा केलीस ती माझ्या पिशवीला.

धूर असेपर्यंत भावजींना माझ्याकडे ठेवायचं हे त्यांनीच ठरवलं, तुझं काही चाललं नाही. त्या महिन्यांचं तुला सांगते, कारण ते तुला सांगत नसणार. पहिल्या आठवड्यात तिसऱ्या मजल्यावर यायला प्रत्येक वळणावर टेकायचे. खालच्या बाईंनी जिन्यात स्टूल ठेवलं, तर त्यांच्याशीच गप्पा मारत बसायचे आणि मी वर काळजीत. रात्रीचं श्वासाचं यंत्र आवाज करतं म्हणून मला झोप लागत नसेल असं त्यांना वाटायचं. उलट होतं. यंत्राचा आवाज थांबला की मी उठून बसायचे.

तू रविवारी यायचीस. घरात मी असताना, मी समोर असताना, तू त्यांना सांगायचीस: "तिला म्हणावं, पाणी उकळलंय." आणि ते बिचारे मान वळवून मला म्हणायचे, "पाणी उकळलंय." मी म्हणायचे, "त्यांना म्हणावं, कळलं." एकदा ते वैतागून म्हणाले, "मला आधीच दम लागतो, त्यात तुम्ही दोघींनी मला टपाल खात्यात घातलंय." मला हसू आलं. तुलाही आलं होतं, मी पाहिलं. लगेच तू पदराने तोंड पुसलंस.

नोव्हेंबरात परीक्षेचा निकाल आला. दुसऱ्या माणसाने, दुसऱ्या तीन ठिकाणची न फवारलेली रोपं घेऊन केलेला. निकाल तोच. अळी जगत नाही, अंडी नाहीत, मोठा किडा शेंडे कुरतडतो. फरक एवढाच की या वेळी अहवालात रोपवाटिकांचं स्वतंत्र पान आहे, आणि परवानगीपूर्वी सगळ्या रोपवाल्यांना बोलावून सांगायचं ठरलं.

त्या सभेत तू मागच्या रांगेत भावजींशेजारी बसली होतीस. मॅडमनी मला मुद्दाम उत्तरं द्यायला उभं केलं. लोकांनी काय काय विचारलं! एकाने विचारलं, हे किडे माणसाला चावतात का. एकाने विचारलं, ह्यांना खायला काय देता, पगार कोण देतं. मग तू उभी राहिलीस. म्हणालीस, "मॅडम, हे चावे तळ्यापासून किती लांबपर्यंत जातील?"

मला तू मॅडम म्हणालीस. सगळ्यांसमोर, नीट, आदराने. मी सांगितलं, कुंपणापर्यंत नक्की, त्यापुढे वाऱ्यावर अवलंबून, आणि पहिली दोन वर्षं काही दिसणार नाही. तू "आभारी आहे" म्हणालीस आणि बसलीस. जाताना भावजींनी कानात सांगितलं की तू मागचा तुकडा ऑगस्टमध्येच रिकामा केलास. रस्त्यासाठी दुसरी झाडं दिलीस. मला कुणी सांगितलंच नव्हतं.

आता कामाचं लिहिते. परवानगी आली. पहिले किडे तुमच्या घाटावरून सोडायचे असं ठरलं आहे. तो मी निवडला नाही. मला निवडायला कुणी विचारलंही नाही. तिथे जमीन कोरडी आहे म्हणून तो निवडला. हा किडा कोष करायला मातीत उतरतो, पाण्यात बुडतो. तुमच्या किनाऱ्याइतकी उंच जागा त्या बाजूला दुसरी नाही. किनारा तुझ्या नावावर आहे, तेव्हा तुझी संमती लागते, आणि कागद घेऊन आमचा माणूस आला होता. तू न वाचता सही केलीस म्हणे, आणि त्याला म्हणालीस, "एवढा उशीर का केलात, हे मला विचारू देऊ नका."

सोडायला मी जाणार आहे. पिंजरे धुणाऱ्या बाईला पाठवायचं नव्हतं त्यांना. मी मॅडमकडे दोन वेळा गेले. तिसऱ्या वेळी त्या म्हणाल्या, "जा बाई, नाहीतर तू माझं दार झिजवशील."

ताई, चमत्कार होणार नाही हे आधीच सांगते. या वर्षी धूर येईल, पुढच्याही येईल. भावजींनी उन्हाळ्यात माझ्याकडेच यायला हवं. जिन्यातलं स्टूल अजून तिथेच आहे. तू येणार नसलीस तर औषधांची यादी त्यांच्या खिशात ठेव, तोंडी सांगू नकोस. ते मला निम्मीच सांगतात.

डबा उघडून किडे नुसते ओतले की वाऱ्याने पाण्यात जातात. तिथे तळ्यावरून वारा येतो, तुला माहीत आहे. एकाने कागदीची फांदी वाकवून घट्ट धरायची, दुसऱ्याने डबा शेंड्यांना टेकवून हळूहळू टिचक्या मारायच्या, सगळे चढेपर्यंत. कुणी घाई केली की फांदी सुटते आणि सगळं वाया जातं. ऑफिसने एक माणूस सोबत दिला आहे. त्याला मी म्हटलं, तू गाडीपाशी थांब.

गुरुवारी सकाळी उजाडताना घाटावर असेन. बोलू नकोस. भावजींमार्फतही काही सांगू नकोस. फांदी तेवढी धर.

नाही आलीस तर मी ती गुडघ्यात दाबून धरेन आणि जमेल तेवढे किडे चढवीन. पण मी तुझ्या दारावरूनच घाटाकडे जाणार आहे, आणि दाराशी थांबणार आहे.

तू अजून म्हणत असशील तर,
बारकी